डोंगर दाखवणारं मशीन

त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. इस्पितळात त्याला सगळे कानसेन म्हणत. हे नाव मोठ्या डॉक्टरांनी ठेवलेलं. तो कानाच्या विभागात शिपाई म्हणून नुकताच लागला होता, तेव्हाची गोष्ट. ऐकू येण्याची तपासणी करायचं मशीन दुरुस्त होऊन आलं होतं आणि ते नीट चालतंय का हे बघायला कुणाचा तरी धडधाकट कान हवा होता. दारात हा बादली घेऊन उभा. त्याला काचेच्या बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. मशीनमधून निघेल तेवढा बारीकातला बारीक आवाज त्यानं टिपला. मुंगीनं पाय आपटला तरी याला कळेल, असं म्हणून मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "अरे, तू तर कानसेन निघालास. गाताही येतं का?"

"नाही साहेब. मी गायला लागलो की शेजारी भांडायला येतात."

तेव्हापासून विभागात कुठलंही मशीन आलं, दुरुस्त झालं, किंवा नुसतं कुरकुरायला लागलं, की पहिली हाक कानसेनला. सकाळी फरशी पुसून झाली की तो खुर्चीत बसायचा, मॅडम वेळ वाचवायला त्याच्या डाव्याच कानावर मशीन ताडून बघायच्या आणि मगच बाहेरच्या रांगेला आत घ्यायच्या. मॅडम म्हणजे विभागातल्या कानतपासनीस. अंगानं किरकोळ, कामाला वाघ. त्या म्हणत, "आमच्याकडे मोजपट्टी म्हणून एक माणूस आहे."

लहान मुलांच्या बाबतीत तर त्याच्याशिवाय पान हलत नसे. कानात रबरी टोपी घालायची म्हटली की पोरं भोकाड पसरायची. मग कानसेन खाली उकिडवा बसून ती टोपी आधी आपल्या कानात घालायचा, डोळे मोठे करायचा आणि म्हणायचा, "आत कुणीतरी फुंकर मारतंय रे. गुदगुल्या होतात. तुला बघायचंय?" हवेच्या दाबानं कानाचा पडदा कसा हलतो ते हे मशीन मोजतं, एवढं त्याला मॅडमनी समजावलं होतं. पडदा नीट हलला की कागदावर डोंगरासारखी रेघ उमटते. पडद्यामागे पाणी साचलेलं असलं की पडदा हलत नाही आणि रेघ सपाट पडते. कानसेननं त्याचं दोन शब्दांत करून टाकलं होतं: डोंगर आणि मैदान. पोराच्या आईला तो बाहेर सांगायचा, "डोंगर आलाय, काळजी नको." आया त्याचे हात धरायच्या. डॉक्टरांपेक्षा त्याच्या तोंडून ऐकलेलं त्यांना जास्त खरं वाटायचं.

या कानांचा त्याला अभिमान होता, आणि अभिमानाच्या खाली भीती होती. त्याच्या बापानं उभी उमर बॉयलरच्या कारखान्यात पत्रे ठोकण्यात घालवली. चाळिशीतच त्याला ऐकू येईनासं झालं. घरात आधी लोक त्याच्याशी मोठ्यानं बोलायचे, मग ओरडायचे, मग बोलेनासेच झाले. काका त्याला तोंडावर 'भिंत' म्हणायचा. "भिंतीला कान असतात म्हणे. आमच्या भिंतीला नेमके तेवढेच नाहीत." सगळे हसायचे. आपल्याला काय म्हटलं ते कळलेलं नसतानाही बाप सगळ्यांच्या नंतर, जरा उशिरानं हसायचा. ते उशिराचं हसू कानसेनच्या डोक्यातून कधी गेलं नाही.

पन्नाशी उलटली तेव्हा त्याची बायको एकदा म्हणाली, "अहो, हल्ली तुम्ही मान वाकडी करून का ऐकता?"

"कुठे?"

"ही काय. डावा कान पुढे करता. मी बोलत्ये ते नको असलं की उजवा कान माझ्याकडे करून बसता. सोयीचं बहिरेपण."

ती शिवणकाम करायची. मशीनच्या खडखडाटात दिवसभर बसून तिला मोठ्यानं बोलायची सवय होती, त्यामुळे घरात कुणाला काही ऐकू गेलं नाही असं सहसा होत नसे. तिनं ते थट्टेवारी नेलं. त्यानंही नेलं. पण उजव्या कानात कापसाचा बोळा घातल्यासारखं त्याला वाटत होतं, ते थट्टेनं जाईना. नाक शिंकरलं, जांभया दिल्या, गरम पाण्याची वाफ घेतली. सर्दी आहे, जाईल, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

त्याच सुमाराला विभागातलं पडदा तपासायचं जुनं मशीन कायमचं बंद पडलं. टेबलभर पसरलेलं अवजड धूड होतं ते. त्याच्या जागी हातात धरायचं मशीन घ्यावं, म्हणजे शाळांमधल्या तपासणीलाही नेता येईल, असं मॅडमनी सुचवलं. दोन कंपन्यांनी आपापलं मशीन काही दिवस वापरून बघायला आणून दिलं. एक करड्या रंगाचं, जाडजूड, चित्राचा पडदा लहान, आवाज घोगरा. दुसरं निळं, हातात साबणाच्या वडीसारखं बसणारं, पडदा रंगीत. तपासणी चालू असेपर्यंत त्यावर एक आगगाडी बोगद्यात शिरायची आणि बाहेर यायची. पोरं गाडीकडे बघत गप्प बसायची. कंपनीचा माणूस म्हणाला, "मॅडम, रडणारं मूल आणि खालीवर होणारा हात, दोन्ही यानं गृहीत धरलंय."

नेहमीप्रमाणे पहिला मान कानसेनचा. मॅडमनी आधी करडं घेतलं. डावा कान: छान डोंगर. उजवा कान: मैदान.

मॅडमनी टोपी काढली, दुसऱ्या मापाची घातली, पुन्हा लावलं. पुन्हा मैदान. त्यांनी मशीनबरोबर आलेल्या तपासणीच्या छोट्या डबीत नळी घालून बघितली. मशीन बरोबर होतं.

मग निळं. डावा कान: डोंगर. उजवा कान: डोंगर. जरा बसका, पण डोंगर.

"बघा," कंपनीचा माणूस खूश होऊन म्हणाला. "हा माणूस तुमची मोजपट्टी ना? मग चुकतंय कोण ते दिसलंच."

मॅडम निळ्याच्या पडद्याकडे टक लावून बघत होत्या. "हे चित्र ताणून दाखवतंय," त्या म्हणाल्या. "रेघ केवढीही बारकी असो, पडदा भरेल एवढी मोठी करतंय. खालचा आकडा बघा. या आकड्याला डोंगर म्हणत नाहीत, वारूळही म्हणत नाहीत."

"ते सेटिंगमध्ये बदलता येतं, मॅडम."

"येतं ना? मग बदलून दाखवा."

त्याला ते लगेच सापडलं नाही. ऑफिसला विचारून सांगतो म्हणाला आणि बॅग आवरून गेला.

तो गेल्यावर मॅडमनी कानसेनला बसवून घेतलं. "तुमच्या उजव्या कानात पाणी दिसतंय. सर्दी झालीय का?"

"झालीय थोडी."

"कधीपासून?"

"आत्ताच. दोनचार दिवस झाले." दोनचार नव्हे, दोन महिने होत आले होते.

"बरं. सर्दीनं असेल तर आपोआप जाईल. मशीनं इथेच आहेत, पंधरवड्यानं परत बघू. पण एक सांगते. मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी राहून गेलं, तर नाकाच्या मागच्या बाजूला एकदा बघून घ्यावं लागतं. डॉक्टर नळी घालून बघतात."

"तिथे काय असतं?"

"बहुतेकदा काहीच नसतं," मॅडम म्हणाल्या. "पण बघायचं."

त्या पंधरवड्यात तो कान त्यानं अनेकदा तपासून बघितला. सकाळी मॅडम यायच्या आधी खोलीत कुणी नसायचं. करडं लावायचा: मैदान. निळं लावायचा: डोंगर. पुन्हा करडं, पुन्हा मैदान. माणूस आरशात बघतो आणि आवडलेल्या आरशापुढे जास्त वेळ थांबतो, तसं त्याचं झालं. हळूहळू तो करड्याला हातच लावेनासा झाला. निळ्याचा डोंगर बघायचा, मनाला बरं वाटायचं, आणि बादली उचलून कामाला लागायचा. खालचा आकडा त्याला दिसायचा. मॅडमनी काय सांगितलं ते तो विसरला नव्हता. पण डोळ्यांना जे दिसतंय ते दिसतंय, एवढ्यावर तो थांबायचा.

पंधरवडा उलटल्यावर मॅडमनी रांगेतून मान वर करून विचारलं, "कानसेन, कान परत बघायचा राहिला."

"बघितला की मॅडम मीच. डोंगर आला."

मॅडमच्या समोर एक बाळ किंचाळत होतं, मागे आणखी बरेच. "नक्की ना?" त्यांनी विचारलं.

"नक्की."

खोटं बोललो असं त्याला तेव्हा वाटलं नाही. डोंगर आला होताच. कुठल्या मशीनवर हे मॅडमनी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

खरेदीची बैठक मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत झाली. मॅडमनी करड्याची बाजू मांडली. ते दिसायला दगड आहे, पण खरं बोलतं, असं त्या म्हणाल्या. भांडारप्रमुखांना दोन्हींच्या किमतीत फारसा फरक दिसला नाही. मोठे डॉक्टर निळं हातात घेऊन उलटसुलट करत होते. चहा घेऊन कानसेन आत आला, तेव्हा त्यांनी त्यालाच विचारलं, "काय रे कानसेन, पोरं सांभाळायची तुला. तू सांग, कुठलं बरं?"

खोलीत सगळे त्याच्याकडे बघू लागले. एरवी त्याला हे आवडलं असतं.

"निळं बरं आहे, साहेब," तो म्हणाला. "पोरं गाडी बघतात. हलत नाहीत. करड्याच्या आवाजाला घाबरतात."

यातलं अक्षरही खोटं नव्हतं. पोरं खरंच निळ्यापुढे शांत बसत. मॅडमनी एकदा त्याच्याकडे बघितलं. त्यांना वाईट वाटलं असणार, पण त्या एवढंच म्हणाल्या, "मुलं शांत बसली तर कुठलंही मशीन कामाला येतं, हे खरं. पण आकडा वाचायची सवय सगळ्यांना लावावी लागेल." मोठे डॉक्टर म्हणाले, लावू. निळं घ्यायचं ठरलं. करडं खोक्यात गेलं आणि त्याच दिवशी परत गेलं. खोकं जिन्यावरून खाली कानसेननंच नेलं.

त्यानंतर शाळांची तपासणी सुरू झाली. एका शाळेत मॅडम येऊ शकल्या नाहीत. सिस्टर आणि कानसेन असे दोघेच गेले. वर्गात बाकं बाजूला सारून जागा केली होती. पोरं एकेक करून येत होती, आगगाडी बोगद्यात शिरत होती, डोंगर येत होता, सिस्टर 'ठीक' लिहीत होत्या. मग एक मुलगी आली. तिच्या बाई म्हणाल्या, "हिचं लक्षच नसतं. मी शेवटच्या बाकावर बसवते, म्हणजे निदान दुसऱ्यांना त्रास नको."

कानसेन तिच्यासमोर उकिडवा बसला. "आत कुणीतरी फुंकर मारतंय," तो म्हणाला. मुलीनं त्याच्या डोळ्यांकडे बघितलं नाही. ती त्याच्या ओठांकडे बघत होती. तो बोलायचं थांबला तशी तीही बघायची थांबली. गेले काही महिने घरी जेवताना तो स्वतः बायकोच्या तोंडाकडे असाच बघत होता.

पडद्यावर डोंगर आला. बसका, पण डोंगर. सिस्टरनी 'ठीक' लिहिलं. मुलगी बाकावर जाऊन बसली. कानसेननं पुढच्या पोराला हाक मारली.

त्या संध्याकाळी त्याला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमना एकट्या गाठून तो म्हणाला, "कालच्या शाळेतली शेवटच्या बाकावरची एक मुलगी पुन्हा बघा. सिस्टरनी ठीक लिहिलंय. पण ती ठीक नाही."

मॅडमनी मुलीला बोलावून घेतलं. आकडा वाचला, मोठ्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पडदे बघितले. दोन्ही कानांत पाणी, चिकट झालेलं, जुनं. तिच्यावर उपचार झाले आणि बाईंनी तिला पुढच्या बाकावर आणलं. त्या शाळेतली सगळी पोरं मॅडमनी पुन्हा तपासली आणि मशीनच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली: 'चित्र बघू नका, आकडा वाचा.' मग कानसेनला विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"ओठ बघत होती."

"हे तुमच्या लक्षात आलं?"

"येतं मॅडम, सवयीनं," असं म्हणून तो खुर्च्या उचलायला गेला. मॅडम त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. त्यांना त्याच वेळी काहीतरी खटकलं होतं, असं त्या पुढे बऱ्याच वेळा म्हणाल्या. पण बाहेर रांग होती, आणि विभागात रांगेपुढे कुणाचं काही चालत नसे.

त्याच्या रुमालाला आता सकाळी लालसर डाग पडत होते. हवा कोरडी आहे, असं त्यानं मनाशी म्हटलं. रुमाल तो स्वतः धुवायला लागला. बायकोला कौतुक वाटलं. "या वयात शहाणपण आलं म्हणायचं," ती म्हणाली.

गाठ तिलाच सापडली. त्याच्या नव्या सदऱ्याची गळपट्टी तिनं शिवली होती आणि माप बघायला ती त्याच्या मानेभोवती बोटं फिरवत होती. उजव्या कानाखाली, जबड्याच्या मागे, तिचं बोट थांबलं.

"हे काय?"

"काय?"

"हे. बोराएवढं. दुखतं का?"

"नाही."

तिनं पुन्हा दाबून बघितलं. गाठ टणक होती, हलत नव्हती. "कधीपासून आहे?" या वेळी तो खरं बोलला, की त्याला ठाऊकच नव्हतं. बायकोनं सदरा तसाच मशीनवर टाकला आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतः त्याच्याबरोबर इस्पितळात आली. इतक्या वर्षांत ती विभागात पहिल्यांदाच आली होती. लोक त्याला कानसेन म्हणतात हेही तिला त्या दिवशी कळलं.

मोठ्या डॉक्टरांनी नाकातून नळी घातली. नाकाच्या पाठीमागे, कानाकडे जाणारी वाट जिथे उघडते तिथेच, वाढ झाली होती. तुकडा काढून तपासायला पाठवला. उत्तर यायला काही दिवस लागले. त्या दिवसांत तो रोज कामावर आला, फरशी पुसली, पोरांना आगगाडी दाखवली. उत्तर आलं ते सगळ्यांना ठाऊक होतं तेच होतं.

मॅडमनी त्याला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"तुम्ही मला सांगितलं होतं, डोंगर आला."

"आला होता."

"कुठल्या मशीनवर?"

तो फरशीकडे बघत राहिला. "निळ्या," म्हणाला.

मॅडम खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "मी तेव्हाच विचारायला हवं होतं. माझ्या हातानं लावायला हवं होतं."

"तुम्ही विचारलं असतं तर मी दुसरं काहीतरी सांगितलं असतं," तो म्हणाला. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. माझं म्हणजे कसं, मॅडम, इथे मला कान म्हणून ठेवलंय. तोच गेला म्हटल्यावर..."

"तुम्हाला माणूस म्हणून ठेवलंय," मॅडम म्हणाल्या. आवाज चढला होता. "कुणी सांगितलं तुम्हाला कान म्हणून ठेवलंय?"

कुणीच सांगितलं नव्हतं.

आधी कळलं असतं तर काय झालं असतं, हे बायकोनं मोठ्या डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "गाठ मानेत उतरायच्या आधी पकडता आली असती. त्यापुढचं मी छातीठोक सांगू शकत नाही." परत जाताना नवऱ्यानं तिला सगळं सांगितलं: बोळा, मशीनं, रुमाल. ती ऐकत चालत राहिली. बरंच अंतर गेल्यावर म्हणाली, "भांडायला बळ राहिलं नाही आत्ता. आधी बरे व्हा, मग बघते तुमच्याकडे." तिनं भांडण पुढे ढकललं ते ढकललंच.

मग किरण सुरू झाले आणि त्याबरोबर शिरेतून औषध. पहिल्या आठवड्यांत तो विनोद करत होता. पुढे तोंड आतून सोलून निघालं, लाळ आटली, अन्नाची चव गेली. पाण्याचा घोट गिळायचा म्हटला तरी तो आधी डोळे मिटून घ्यायचा. मानेची कातडी भाजल्यासारखी काळी पडली. गळपट्टी शिवलेला तो सदरा त्याला कधीच घालता आला नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका कापडदुकानात काम करणारी त्याची लेक रोज दुपारची सुटी त्याच्या खाटेपाशी घालवायची. ती बोलायची, तो मान हलवायचा. "बाबा, कळलं का मी काय म्हणाले?" असं ती हळूहळू प्रत्येक वाक्यानंतर विचारायला लागली.

शिरेतून जाणारं औषध कानाच्या आतल्या नाजूक भागालाही मारतं, हे मॅडमना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी त्याची ऐकण्याची तपासणी ठरावीक दिवसांनी करायचं मागून घेतलं. ज्या काचेच्या खोलीत त्यानं हजारो माणसांना बसवलं, तिथे आता तो बसला. मॅडम काचेच्या पलीकडे. हेडफोन त्यानं स्वतःच चढवले, बटण हातात घेतलं.

मॅडमची तपासायची लय त्याला पाठ होती. एक आवाज, थोडं थांबणं, त्याहून बारीक आवाज, पुन्हा थांबणं. आवाज ऐकू आला नाही तरी कधी दाबायचं हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. मॅडमनाही हे कळत होतं, म्हणून त्या मधले थांबे लांबवत होत्या, आखडत होत्या. पण त्याची गरज पडली नाही. पहिल्या काही आवाजांना त्यानं बटण दाबलं. मग उंच पट्टीचे आवाज आले तसा त्याचा अंगठा सैल पडला. तो काचेतून मॅडमच्या हाताकडे बघत होता. त्यांचं बोट कळ दाबताना त्याला दिसत होतं. त्या दाबत होत्या, आणि तो दाबत नव्हता. शेवटी त्यानं बटण मांडीवर ठेवून दिलं.

बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "डावापण गेला का?"

"वरचे सूर गेलेत," मॅडम मोठ्यानं, एकेक शब्द तोडत म्हणाल्या. "खालचे आहेत."

"म्हणजे तुमचा आवाज राहील," तो म्हणाला. "बायकोचा जाईल. तिला सांगू नका, पट्टी आणखी वाढवील."

मॅडम हसल्या, तोही हसला. मग त्या कागद आवरायला लागल्या.

उपचार संपले तेव्हा वाढ गेली होती. मोठे डॉक्टर खूश होते. तो कामावर परत आला, पण पोरांपाशी नाही. बारीक आवाजात बोलणारी पोरं त्याला कळायची नाहीत, आणि तो गळलेला, काळ्या मानेचा माणूस समोर बसला की ती आणखीच रडायची. मॅडमनी त्याला नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. तिथेही लोक काचेच्या फटीतून पुटपुटायचे. तो कान पुढे करायचा, लोक ओरडायचे, मागची रांग वैतागायची. एका माणसानं त्याला विचारलं, "कानाच्या डॉक्टरकडे बहिरा बसवलाय का?" आजूबाजूचे हसले. कानसेनला शब्द कळले नाहीत. सगळे हसताहेत हे दिसलं, तेव्हा तोही हसला. आतून मॅडम ते बघत होत्या. त्यांनी येऊन खिडकी बंद केली आणि त्या माणसाला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.

दुसऱ्याच महिन्यात त्यानं स्वतःहून भांडारात बदली मागून घेतली. तिथे खोकी मोजायची होती आणि बोलायला कुणी नव्हतं. भांडारप्रमुख सांगतात की त्यानं एकदाही मोजणीत चूक केली नाही, आणि दुपारभर खोलीत त्याचा पायरवही ऐकू यायचा नाही.

वर्षभरानं पाठ दुखू लागली. खोकी उचलून असेल, असं म्हणण्यात त्यानं या वेळी दिवस घालवले नाहीत. दुसऱ्याच दिवशी तो मोठ्या डॉक्टरांपुढे जाऊन उभा राहिला. "लवकर आलोय, साहेब," म्हणाला. फोटो काढले. आजार मणक्यात आणि यकृतात पोचला होता. तो लवकर आला होता हे खरंच होतं, पण आता त्यानं फरक पडत नव्हता.

शेवटचे महिने तो घरीच होता. खाट शिवणयंत्राशेजारी हलवली होती, म्हणजे बायकोला काम करता करता त्याच्याकडे बघता येई. मॅडम अधूनमधून यायच्या, त्याच्या डाव्या बाजूला बसायच्या. विभागात कोण आलं, कोण गेलं ते मोठ्यानं सांगायच्या. एकदा त्यांनी त्याला कानात घालायचं यंत्र आणून दिलं. त्यानं दोन दिवस घातलं आणि काढून ठेवलं. "आवाज येतात," तो म्हणाला, "पण ते कशाचे ते कळत नाही. त्यापेक्षा हे बरं." त्याच्या बायकोनं दुकानांचं काम कमी केलं होतं. जे उरलं होतं ते ती यंत्र हळू चालवून करायची. तिच्या ओठांवरून त्याला बहुतेक सगळं कळायचं. लेक म्हणायची, आईबाबा आता हळू आवाजात बोलतात, आयुष्यात पहिल्यांदाच.

एका सकाळी बायको त्याच्यासाठी पाणी कोमट करून आणत होती. दारातूनच तिनं हाक मारली, "अहो, उठताय ना?" तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता. तिनं पेला खाली ठेवला, खिडकी उघडली, पुन्हा हाक मारली. उत्तर आलं नाही, आणि त्यात नवल नव्हतं. आज लेक येणार आहे, उशीचा अभ्रा बदलायला हवा, असं ती बोलतच राहिली. शिवणयंत्रावरचं कापड तिनं बाजूला केलं, तुकडे गोळा केले. मग पाणी गार होईल म्हणून ती खाटेपाशी गेली आणि तिनं त्याच्या खांद्याला हात लावला.